‘विंशतिः बालकाः’ : ‘विंशति’ची व्युत्पत्ती आणि तिचे एकवचन

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘विंशतयः बालकाः’ असे लिहिले असता परीक्षकांनी ‘विंशतिः बालकाः’ अशी दुरुस्ती का केली, हा पहिला प्रश्न. ‘विंशति’ हा शब्द ‘द्वि’ आणि ‘दश’ यांपासून झाला असे वर्गात सांगितले जाते, मग त्यात ‘द’ औषधालाही का सापडत नाही, हा दुसरा. गणपतीच्या पूजेत गुरुजी ‘एकविंशतिं दूर्वाङ्कुरान् समर्पयामि’ म्हणतात ते शुद्ध आहे, की ‘दूर्वाङ्कुरान्’शी जुळणारे ‘एकविंशतीन्’ हवे, हा तिसरा. परीक्षक, वर्गातले शिक्षक आणि गुरुजी हे तिघेही बरोबर आहेत. तिघांच्या बरोबर असण्याचे कारण एकच आहे आणि ते शब्दाच्या घडणीतच दडलेले आहे.

घोटाळा सुरू होतो तो शाळेत पाठ करून घेतलेल्या एका नियमापासून. ‘विशेष्याचे जे लिंग, जे वचन आणि जी विभक्ती, तीच विशेषणाची’ हा नियम खरा आहे, पण तो विशेषणाचा आहे. संस्कृतातले सगळे संख्यावाचक शब्द विशेषण नसतात. एक ते चार हे शब्द लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्ही बाबतीत विशेष्याच्या मागून जातात, म्हणून ‘त्रयः बालकाः’, ‘तिस्रः बालिकाः’, ‘त्रीणि फलानि’. पाचपासून एकोणीसपर्यंत (एकोणिसासाठी ‘नवदश’ हा शब्द वापरला तर) लिंगभेद संपतो, तरी वचन आणि विभक्ती विशेष्याचीच राहते, म्हणून ‘दशभिः बालकैः’, ‘दशभिः बालिकाभिः’. विसाला पोहोचलो की मात्र शब्दाची जातच बदलते. ‘विंशति’ हे नाम आहे, आणि तेही समूहवाचक. मराठीत आपण ‘दोन डझन आंबे’ म्हणतो, ‘दोन डझने आंबे’ म्हणत नाही, कारण ‘डझन’ हा आंब्यांचा गुण सांगणारा शब्द नसून बारांच्या गठ्ठ्याचे नाव आहे. ‘विंशति’ हेही तसेच विसांच्या गठ्ठ्याचे नाव आहे. ते स्त्रीलिंगी आहे आणि ‘मति’प्रमाणे चालते.

हा बदल किती जुना आहे हे पाहायचे असेल तर ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातले अठरावे सूक्त उघडावे. इंद्राला सोमपानासाठी बोलावणारा ऋषी त्याच्या घोड्यांची संख्या चढवत नेतो. चौथ्या ऋचेत तो ‘आ द्वाभ्यां हरिभ्यामिन्द्र याहि’ अशी सुरुवात करून चतुर्भिः, षड्भिः, अष्टाभिः, दशभिः असा चढत जातो, आणि यांतले प्रत्येक रूप घोड्यांच्या संख्येप्रमाणे द्विवचनी किंवा बहुवचनी आहे. पाचव्या ऋचेच्या आरंभी तो म्हणतो, ‘आ विंशत्या त्रिंशता याह्यर्वाङ् आ चत्वारिंशता हरिभिर्युजानः’. घोडे ‘हरिभिः’ असे बहुवचनीच राहिले, विभक्ती तृतीयाच राहिली, पण संख्या एकवचनी झाली. पुढे ‘पञ्चाशता’, ‘षष्ट्या’, ‘सप्तत्या’ आणि सहाव्या ऋचेत ‘अशीत्या’, ‘नवत्या’, ‘शतेन’ अशी हीच एकवचनाची रांग शंभरापर्यंत जाते. दहा आणि वीस यांच्यामध्ये व्याकरणाची जी सीमा आहे ती इथे एका ऋचेतून दुसऱ्या ऋचेत जाताना ओलांडली जाते. मी विद्यार्थ्यांना हा नियम शिकवताना सूत्राआधी या दोन ऋचा फळ्यावर लिहितो, आणि मग सूत्र फारसे समजावून सांगावे लागत नाही.

अमरकोशाने तोच नियम एका ओळीत बांधला आहे : ‘विंशत्याद्याः सदैकत्वे सर्वाः संख्येयसंख्ययोः’. विंशतीपासूनचे सगळे संख्याशब्द, मोजली जाणारी वस्तू सांगत असोत की नुसती संख्या सांगत असोत, एकवचनीच राहतात. लगेच पुढे अपवादही आहे : ‘संख्यार्थे द्विबहुत्वे स्तस्तासु चानवतेः स्त्रियः’. संख्येचीच संख्या मोजायची असेल, म्हणजे गठ्ठेच मोजायचे असतील, तर द्विवचन आणि बहुवचन होते, आणि नवतीपर्यंतचे हे शब्द स्त्रीलिंगी असतात. म्हणून ‘द्वे विंशती’ म्हणजे चाळीस, ‘तिस्रः विंशतयः’ म्हणजे साठ. आपल्याकडची जुनी माणसे ‘तीन विसा नि पाच’ किंवा ‘पाच विसा शंभर’ अशी मोजदाद करत, ती रचना नेमकी हीच. म्हणजे आपण लिहिलेले ‘विंशतयः’ हे रूप चुकीचे नाही. फक्त ‘विंशतयः बालकाः’ या शब्दांतून परीक्षकांना मुलांचे किमान तीन विसांचे जमाव दिसले असणार.

वापरताना दोन रचना होतात आणि क्रियापद त्यांप्रमाणे बदलते. ‘विंशतिः बालकाः पठन्ति’ यात कर्ता ‘बालकाः’ आहे, ‘विंशति’ त्याच विभक्तीत शेजारी उभी आहे, आणि क्रियापद बहुवचनी आहे. ‘बालकानां विंशतिः पठति’ यात कर्ता समूह आहे, बालक षष्ठीत गेले आहेत, आणि क्रियापद एकवचनी आहे. ‘विंशत्या बालकैः’, ‘विंशतये बालकेभ्यः’, ‘विंशतौ ग्रामेषु’ या रूपांत विभक्ती जुळते आणि वचन जुळत नाही. परीक्षेत सर्वाधिक चुका इथेच होतात. दुसरी एक चूक अशी की, ‘विंशति’ स्त्रीलिंगी आहे हे कळल्यावर विद्यार्थी उत्साहाने ‘एषा विंशतिः बालकाः’ लिहितात. तिथे सर्वनाम बालकांचे आहे, म्हणून ‘एते विंशतिः बालकाः’ असेच हवे.

आता शब्द कुठून आला ते पाहू. यास्काने निरुक्ताच्या, म्हणजे वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या आपल्या ग्रंथाच्या, तिसऱ्या अध्यायात संख्याशब्दांची निर्वचने (व्युत्पत्ती) दिली आहेत. त्यांतली काही आज कोणी गंभीरपणे घेणार नाही. ‘द्वौ द्रुततरा संख्या’, म्हणजे दोन ही एकापेक्षा अधिक वेगाने धावणारी संख्या, हे त्यांतलेच. पण ‘विंशतिर्द्विर्दशतः’ आणि ‘शतं दशदशतः’ ही दोन निर्वचने अचूक आहेत. वीस म्हणजे दोनदा दहा, शंभर म्हणजे दहा वेळा दहा.

पाणिनीने हा शब्द प्रकृती (मूळ शब्द) आणि प्रत्यय सांगून सिद्ध केलेला नाही. ‘पङ्क्तिविंशतित्रिंशच्चत्वारिंशत्पञ्चाशत्षष्टिसप्तत्यशीतिनवतिशतम्’ (अष्टाध्यायी ५.१.५९) या सूत्रात त्याने दहा शब्द तयार रूपातच मांडले. याला निपातन म्हणतात. अर्थ आधीच्या सूत्रांतून येतो : ‘तदस्य परिमाणम्’, ते याचे परिमाण आहे. वृत्तिकार, म्हणजे सूत्रांवर टीका लिहिणारे, मग उलगडा करतात की ‘द्वौ दशतौ परिमाणमस्य सङ्घस्य’, दोन दशक हे ज्या संघाचे परिमाण आहे तो संघ म्हणजे विंशती, आणि त्यासाठी दोन दशकांच्या जागी ‘विन्’ हा आदेश आणि पुढे ‘शति’ हा प्रत्यय मानतात. यातला ‘दशत्’ हा शब्द वृत्तिकारांनी सोयीसाठी बनवलेला नाही. लगेच पुढचे सूत्र ‘पञ्चद्दशतौ वर्गे वा’ (५.१.६०) हे ‘दहांचा वर्ग’ या अर्थी ‘दशत्’ शब्द सांगते. ‘सङ्घ’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. संघ एक असतो, म्हणून एकवचन. मग ‘विंशतिः गावः’ (वीस गाई) यात संघवाचक शब्द ‘गावः’ या बहुवचनाशेजारी त्याच विभक्तीत कसा बसतो, ‘गवां विंशतिः’ एवढेच का म्हणू नये, ही शंका पतंजलीनेही महाभाष्यात या सूत्रावर चर्चेला घेतली आहे. आपला प्रश्न त्यामुळे दोन हजार वर्षांहून जुना आहे.

‘द’ कुठे गेला, हे मात्र संस्कृताच्या घरात बसून दिसत नाही. त्यासाठी संस्कृताची भावंडे पाहावी लागतात. विसाला अवेस्ताच्या, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या, भाषेत ‘वीसइति’, लॅटिनमध्ये ‘वीगिंती’, डोरिक ग्रीकमध्ये ‘विकति’ म्हणतात; आजची फारसी ‘बीस्त’ म्हणते. यांपैकी एकाही शब्दात ‘द’ नाही, मात्र दोन या अर्थाच्या लॅटिन ‘दुओ’मध्ये आणि संस्कृत ‘द्वि’मध्ये तो आहे. म्हणजे ‘द्वि’चा ‘वि’ होणे ही संस्कृतातली घटना नव्हे. या सर्व भाषांच्या समाईक पूर्वजातच ते घडून गेले होते. दुसरा ‘द’ होता ‘दश’च्या आरंभी. समासात ‘दश’च्या पूर्वरूपातला पहिला स्वर गळाला, त्यामुळे ‘द’ थेट पुढच्या व्यंजनाला भिडला आणि लोपला. उरला तो ‘-शति’ किंवा ‘-शत्’. हाच अवशेष त्रिंशत्, चत्वारिंशत् आणि पञ्चाशत् यांच्या शेवटी आहे, आणि ‘शतम्’ हा सगळा शब्दच त्याच अवशेषातून उभा आहे. लॅटिन ‘केंतुम्’ आणि संस्कृत ‘शतम्’ यांचे नाते सर्वांना माहीत असते. ‘शतम्’ आणि ‘दश’ यांचे नाते तितके माहीत नसते, ते यास्काला दिसले होते.

इथे एक सावधगिरी सांगतो. लॅटिन ‘वीगिंती’मधला ‘न्’ आणि ‘विंशति’मधला अनुस्वार एकच असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. लॅटिनचा ‘न्’ ‘ग’च्या नंतर आहे, आणि त्याच्या जागी संस्कृतात ‘-शति’मधला ‘श’चा अकार आलेला आहे. आपला अनुस्वार ‘श’च्या आधी आहे. अवेस्ताच्या ‘वीसइति’तही तो नाही, म्हणजे तो नंतर आलेला पाहुणा आहे.

व्याकरणाच्या दृष्टीनेही ‘विंशति’ उंबऱ्यावर उभी असलेली दिसते. पाणिनीच्या त्या यादीकडे पुन्हा पाहा. तीस, चाळीस आणि पन्नास ‘-शत्’ने संपतात; साठ, सत्तर, ऐंशी आणि नव्वद ‘-ति’ने (‘षष्टि’त ट-वर्गाच्या संधीने ‘-टि’ने). अवेस्ताच्या भाषेतही पन्नास आणि साठ यांच्यामध्ये नेमकी हीच भेग आहे. ‘-ति’चे शब्द जन्मतःच स्त्रीलिंगी समूहवाचक नामे आहेत, यादीच्या आरंभी असलेला ‘पङ्क्ति’, म्हणजे मुळात पाचांचा समूह, हा त्याच घडणीचा. ‘विंशति’ची गोष्ट वेगळी. तिच्या शेवटचा इकार मुळात ‘दोन दहा’ यातल्या द्विवचनाचा होता, म्हणून लॅटिनमध्ये आणि अवेस्तातही हा शब्द विभक्तीप्रमाणे चालत नाही. संस्कृताने ते द्विवचन विसरून षष्टि, सप्तति यांच्या साच्यात त्याला बसवले आणि ‘मति’सारखे चालवले. म्हणजे ज्या शब्दात व्युत्पत्तीने द्विवचन होते त्याचे व्याकरणाने एकवचन झाले. उलट दिशेचा ओढाही होता. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात रावणाला ‘विंशद्भुजं दशग्रीवम्’ म्हटले आहे. तिथे ‘विंशति’ शेजारच्या ‘त्रिंशत्’कडे झुकून ‘विंशत्’ झाली. पाणिनीय शिस्तीत ‘विंशतिभुज’ हवे. परीक्षेत तेच लिहावे.

मराठीत येताना अनुस्वार गेला आणि त्याची भरपाई म्हणून स्वर दीर्घ झाला. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात जिह्वा, सिंह, त्रिंशत् आणि विंशति या चार शब्दांना एकाच सूत्रात घेऊन ‘इ’चा ‘ई’ सांगितला आहे : जीहा, सीहो, तीसा, वीसा. आपले वीस आणि तीस तिथून आले. (‘विसावा’ म्हणजे आराम, त्याचा याच्याशी संबंध नाही, तो ‘विश्रम’च्या घरचा.) पण खरी गंमत ‘बावीस’मध्ये आहे. ‘द्वाविंशति’तल्या ‘द्वा’चा ‘बा’ झाला, आणि ‘वी’ हा त्याच ‘द्वि’चा कितीतरी आधी झिजलेला तुकडा. म्हणजे ‘बावीस’ या तीन अक्षरांत ‘दोन’ दोनदा आले आहे, एकदा ‘बा’ म्हणून आणि एकदा ‘वी’ म्हणून, आणि शेवटच्या ‘स’मध्ये ‘दहा’ आहे.

‘द्वाविंशति’मध्ये ‘द्वि’चा ‘द्वा’ का, तर ‘द्व्यष्टनः संख्यायामबहुव्रीह्यशीत्योः’ (६.३.४७) या सूत्रामुळे. संख्यावाचक उत्तरपद (समासातले शेवटचे पद) पुढे असता ‘द्वि’ आणि ‘अष्टन्’ यांच्या शेवटी ‘आ’ येतो, मात्र बहुव्रीहीत आणि ‘अशीति’पुढे येत नाही. ‘त्रेस्त्रयः’ (६.३.४८) या पुढच्या सूत्राने ‘त्रि’चा ‘त्रयस्’ होतो, तोही ‘अशीति’ वगळून. चाळिसापासून पुढे हे सगळे वैकल्पिक, म्हणून ‘द्विचत्वारिंशत्’ही चालते आणि ‘द्वाचत्वारिंशत्’ही. ज्यांच्या घरी रुद्राची आवर्तने होतात त्यांनी ही रूपे शेकडो वेळा ऐकली आहेत : रुद्रपाठातल्या चमकाच्या अकराव्या अनुवाकात (विभागात) ‘एकविंशतिश्च मे त्रयोविंशतिश्च मे’ आणि पुढे ‘अष्टाविंशतिश्च मे द्वात्रिंशच्च मे’. ‘अशीति’चा अपवाद ऐकायला तर वेदपाठाचीही गरज नाही, मराठी पुरते. बावीस, बत्तीस, बावन्न आणि बासष्ट यांत ‘बा’ किंवा ‘ब’ आहे, पण ऐंशीपुढे ‘ब्याऐंशी’ आणि ‘त्र्याऐंशी’. ‘द्व्यशीति’ आणि ‘त्र्यशीति’ यांतला यकार अजून कानाला लागतो.

एकोणिसाचे तीन शब्द आहेत. ‘नवदश’ हा चमकातला. ‘एकोनविंशति’, एकाने उणी विंशती, हा आपल्या ‘एकोणीस’चा पूर्वज. तिसरा आज क्वचितच दिसणारा ‘एकान्नविंशति’, एकाने विंशती नव्हे असा, ज्याच्यासाठी पाणिनीने ‘एकादिश्चैकस्य चादुक्’ (६.३.७६) हे वेगळे सूत्र खर्ची घातले. तैत्तिरीय संहितेत ‘एकान्न विंशत्यै स्वाहा’ अशी आहुती आहे. तिच्या अगोदरची आहुती ‘अष्टादशभ्यः स्वाहा’ अशी बहुवचनी आहे आणि ही एकवचनी. शब्द एकोणिसाचा असला तरी त्यात उत्तरपद ‘विंशति’ असल्याने तिचे लिंगवचन लागू होते. म्हणून ‘नवदश बालकाः’ आणि ‘एकोनविंशतिः बालकाः’ यांचे व्याकरण वेगळे, संख्या तीच.

क्रमवाचकाबद्दल आपण विचारलेले नाही, पण संकल्पामुळे ते प्रत्येकाच्या ओठांवर आहे, म्हणून थोडक्यात. विंशतीपासून ‘तमट्’ प्रत्यय विकल्पाने लागतो (५.२.५६), म्हणून ‘विंशः’ आणि ‘विंशतितमः’ ही दोन्ही रूपे शुद्ध. ‘विंशः’मध्ये ‘ति’ कुठे गेला, तर ‘ति विंशतेर्डिति’ (६.४.१४२) या सूत्राने फक्त याच शब्दाच्या ‘ति’चा लोप सांगितला आहे. संकल्पातले ‘अष्टाविंशतितमे युगचतुष्के’ म्हणजे अठ्ठाविसाव्या चौकडीत. त्यात ‘अष्टा’चा दीर्घ आकारही आहे आणि ‘तमट्’ही. स्त्रीलिंगात मात्र ‘-तमी’ होते, ‘-तमा’ नव्हे, कारण प्रत्ययातला ‘ट्’ हा ईकार मागून घेतो. ‘पञ्चविंशतितमा वार्षिकसभा’ अशा निमंत्रणपत्रिका तपासायला येतात, आणि दर वेळी मी तो एक काना खोडून वेलांटी देतो.

आता दूर्वा. ‘एकविंशतिं दूर्वाङ्कुरान् समर्पयामि’ यात ‘दूर्वाङ्कुरान्’ द्वितीयेचे बहुवचन आणि ‘एकविंशतिम्’ द्वितीयेचे एकवचन आहे. ऋग्वेदातल्या ‘विंशत्या हरिभिः’ची रचना तीच. ‘एकविंशतीन्’ हे रूप तर होऊच शकत नाही, कारण ते पुंल्लिंगी आहे. अनुस्वार न उच्चारता ‘एकविंशति दूर्वाङ्कुरान्’ असे सुटे म्हटले तर तो विभक्तीहीन शब्द ठरतो, आणि पुष्कळ पोथ्यांत तो तसाच छापलेला असतो. दोन्ही शब्द जोडून समास मानावा, तर ‘दिक्संख्ये संज्ञायाम्’ (२.१.५०) हे सूत्र आडवे येते. संख्येचा असा समास कशाचे तरी नाव असेल तरच होतो, जसे ‘सप्तर्षयः’. नुसत्या मोजणीसाठी नाही. ‘एकविंशतिपत्रपूजा’ या शब्दाला ही अडचण नाही, कारण तिथे पुढे ‘पूजा’ हे उत्तरपद आहे आणि तशा जागी पुढचेच सूत्र (२.१.५१) समासाला वाट देते. एकवीस पत्री वाहताना मंत्र म्हणायचा असेल तर ‘एकविंशतिं पत्राणि समर्पयामि’ असे दोन शब्द सुटे आणि अनुस्वार स्पष्ट म्हणावा.